फवारण्याआधी पान उलटून पाहा : गोराईकरांसाठी ढालकिड्याची ओळख

थंडी पडू लागली की गोराईहून येणाऱ्या पत्रांत तेच तीन प्रश्न पुन्हा पुन्हा असतात. म्हाडा वसाहतीतून विचारणा होते, की जास्वंदीवर काळ्या काटेरी अळ्या झाल्या आहेत, काय मारू? खाडीपलीकडच्या गावातून कुणी विचारतं, की वालावर माव्याबरोबर लाल ठिपक्यांचे किडे दिसतात, मावा तेच आणतात का? आणि शाळेतल्या बाईंना काळजी असते, की मुलं हे किडे डबीत भरून आणतात, ते विषारी तर नाहीत ना?

तिन्ही प्रश्न एकाच किड्याचे आहेत. आपण त्याला लेडीबग किंवा लेडीबर्ड म्हणतो, शेतकी पुस्तकांत तो ढालकिडा किंवा चित्रांग भुंगेरा म्हणून येतो. लाल, गोल, ठिपकेदार रूपात तो सगळ्यांना आवडतो. पण झाडाच्या दृष्टीने त्याचं सर्वांत मोठं काम अळीच्या वयात होतं आणि नेमकी तीच अळी आपण ओळखत नाही. दरवर्षी गोराईच्या गॅलऱ्यांत आणि वाड्यांत हजारो अळ्या ‘कीड’ म्हणून मारल्या जातात. हा लेख मुख्यतः ते थांबावं म्हणून आहे.

आधी थोडक्यात उत्तरं :

- ढालकिडा मावा आणत नाही. मावा असतो म्हणून तो येतो.
- पाठीवरचे ठिपके म्हणजे वय नव्हे. ठिपक्यांची संख्या आणि नक्षी जातीनुसार ठरते आणि आयुष्यभर तीच राहते.
- माणसाला तो सहसा डसत नाही, त्याला नांगी नाही. घट्ट धरल्यास पायांच्या सांध्यांतून पिवळा, उग्र वासाचा द्रव सोडतो. हात साबणाने धुतले की झालं. डोळ्याला मात्र तो हात लावू नका.

ज्याला तुम्ही मारता ते त्याचं पिल्लू असतं

गोराईत हा सगळा जीवनक्रम एका जागी पाहायचा असेल तर रुईचं झुडूप गाठा. खाडीकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला, पडीक जागेत, कुंपणाच्या आडोशाला रुई सहज सापडते. हिवाळ्यात तिच्या कोवळ्या शेंड्यावर पिवळाधमक मावा दाटीने बसलेला असतो. नीट पाहिलंत तर त्याचे पाय काळे दिसतील. (रुईचा चीक डोळ्यात गेला तर गंभीर इजा होते. फांदी तोडू नका, पान फक्त हलकेच उलटा आणि नंतर हात धुवा.)

त्या शेंड्याजवळच्या एखाद्या पानाच्या पाठीला दहा-वीस पिवळी, लांबट अंडी एकमेकांना खेटून उभी चिकटवलेली दिसतील. एकेक अंडं जेमतेम एक मिलिमीटर उंच. मादी ती माव्याच्या शेजारीच घालते, म्हणजे पिल्लांना अन्नासाठी वणवण करावी लागत नाही. तीन-चार दिवसांत अंडी फुटतात. आधी बाहेर पडलेली अळी कित्येकदा शेजारचं न फुटलेलं अंडंच खाऊन टाकते. पाहायला क्रूर वाटेल, पण मावा कमी असेल तेव्हा निदान काही पिल्लं यामुळे तगतात.

अळी लांबट, शेपटीकडे निमुळती होत गेलेली, करडी-काळी, अंगावर नारिंगी किंवा पिवळट डाग असलेली, पुढच्या भागात सहा लांब पाय. लहानशा मगरीसारखी दिसते म्हणा. रूप भीतिदायक आहे, पण ती पान कुरतडत नाही. एका अळीला पाच मिनिटं नुसतं पाहत राहा. ती माव्याच्या गर्दीत शिरते, एकाला जबड्यात धरते, कधी सोंडेसकट उपटून उचलते, आणि थोड्या वेळात त्याचं रिकामं कातडं टाकून पुढच्याकडे वळते. आठ-दहा दिवसांत चार टप्पे ओलांडताना अशी एक अळी शेकडो मावे फस्त करते. शेवटच्या टप्प्यात तिची भूक सर्वांत मोठी असते, आणि आकाराने मोठी झाल्यामुळे त्याच टप्प्यात ती आपल्या डोळ्यांत भरते. म्हणजे ती सर्वाधिक उपयोगी असते तेव्हाच मारली जाते.

मग ती शेपटीने पानाला चिकटते, आखडून बसते आणि कोष होते. नारिंगी-काळा, कुबड काढलेला हा कोष पानावरची गाठ किंवा एखादा रोग वाटतो. काडीने हलकेच स्पर्श केलात तर तो झटका देऊन उभा राहतो. एवढी खूण पुरे. चार-पाच दिवसांनी त्यातून फिकट पिवळा, मऊ, बिनठिपक्यांचा भुंगेरा निघतो. काही तासांत पाठ टणक होते, रंग चढतो, ठिपके उमटतात. मुंबईच्या हवेत अंड्यापासून इथवर साधारण दोन ते तीन आठवडे लागतात. प्रौढ पुढे काही आठवडे ते दोन-तीन महिने जगतो, रोज कित्येक डझन मावे खातो, आणि एक मादी आयुष्यात शेकडो अंडी घालते.

पांढरी अळी दिसली तर दुप्पट सावध राहा

ढालकिड्यांच्या काही जाती पिठ्या ढेकूण खातात. त्यांच्या अळ्या स्वतःच पांढऱ्या मेणाच्या धाग्यांनी झाकलेल्या असतात आणि हुबेहूब पिठ्या ढेकणासारख्या दिसतात. जास्वंदीवर, सीताफळावर, पपईवर हा घोटाळा सर्वांत जास्त होतो. फरक असा ओळखा :

- पिठ्या ढेकूण तीन-चार मिलिमीटरचा, सुस्त, घोळक्याने एका जागी बसलेला. मोठ्या ढालकिड्याची अळी एक सेंटिमीटरच्या पुढे जाते आणि सहसा एकटी फिरते.
- काडीने हलवून पाहा. ढेकूण जेमतेम सरकतो, अळी लगबगीने चालू लागते.
- अळीच्या अंगावरचे धागे लांब आणि मोकळे असतात, ढेकणाचा थर पिठासारखा अंगाला बसलेला असतो.

शंका असेल तर ती फांदी वेगळी ठेवून दोन दिवस पाहा. ढेकूण कमी झाले असतील तर उत्तर मिळालं.

आपल्याकडे कोण कोण दिसतात

पुस्तकातला लालभडक, सात ठिपक्यांचा ढालकिडा उत्तरेकडच्या मुलखात जास्त असतो. मुलांच्या चित्रात तोच असतो म्हणून गोराईत तोच शोधू नका. आपल्याकडे सर्वाधिक भेटतो तो पिवळट-नारिंगी पाठीवर काळ्या नागमोडी रेघा असलेला, ‘कायलोमेनिस’ या प्रजातीतला. त्याच्या खालोखाल लाल-नारिंगी पाठीवर मधोमध काळी उभी रेघ आणि दोन्ही बाजूंना काळे पट्टे असलेला. फिकट पाठीवर तीन काळ्या उभ्या रेघांचा एक छोटासा आहे, तो मावा आणि पिठ्या ढेकूण दोन्ही खातो. पूर्ण काळा, तुकतुकीत, अर्धगोल किडा खवले कीड लागलेल्या झाडावर असेल तर तोही मित्रच, त्याला झटकू नका. भातावर दिसणारा साधा नारिंगी ढालकिडा तुडतुड्यांची पिल्लं आणि परागकण खातो.

आणि एक अगदी वेगळा. दुधी-भोपळ्याच्या पानांवर पांढरी भुरी पडली की पिवळ्या पाठीचा एक ढालकिडा येतो. तो कीड खातच नाही, त्या भुरीची बुरशी खातो. भुरी त्याने आणली असं समजून वेल फवारू नका. भुरी पूर्ण आटोक्यात आणणं त्याला जमत नाही, तेव्हा जास्त बिघडलेली पानं तुम्ही काढा आणि उरलेलं त्याच्यावर सोडा.

सारखे दिसणारे, पण मित्र नसलेले

- हड्डा भुंगेरा. हा ढालकिड्याच्याच कुळातला, पण शाकाहारी. वांगी, टोमॅटो, कारली यांवर येतो. पाठ तुकतुकीत नसते, बारीक केसांमुळे मंद तांबूस दिसते, आणि ठिपके पुष्कळ, एका जातीत अठ्ठावीस. अळी पिवळी, अंगभर फांद्या फुटलेले काटे. पान खरवडून त्याची जाळी करतात. वांग्याचं पान जाळीदार दिसलं तर हाच. अंड्यांचे पुंजके, अळ्या, भुंगेरे हाताने वेचून साबणाच्या पाण्यात टाका. घरच्या चार-सहा झाडांना एवढं पुरतं.
- तांबडा भुंगेरा. काकडी, दोडका, भोपळ्याच्या रोपांवर. लांबट, ठिपके नाहीत, पानांना गोल भोकं पाडतो. सकाळी लवकर सुस्त असतो, तेव्हा वेचा.
- लाल ढेकूण. भेंडी, अंबाडी, जास्वंदीच्या वर्गातल्या झाडांवर घोळक्याने. पाठीवर काळे डाग असतात, पण आकार लांबट आणि तोंडाला सोंड.
- कासवकिडा. गारवेलीच्या आणि मर्यादवेलीच्या वर्गातल्या वेलींवरचा, कडेने पारदर्शक, कधी सोनेरी चमकणारा. पानांना भोकं पाडतो, पण रानवेलीवर असेल तर त्याला राहू द्या.
- मृगाचा किडा. पहिल्या पावसानंतर मातीवर फिरणारा मखमली लाल जीव. पाय मोजा, आठ आहेत. तो किडा नसून कोळ्यांचा नातेवाईक आहे.

घरच्या घरी एकच चाचणी लक्षात ठेवलीत तरी चालेल : पान खाल्लेलं आहे का? पान शाबूत आणि आसपास मावा असेल तर तो मित्र धरा. पानाची जाळी झाली असेल तर शत्रू.

मावा दिसला, आता काय कराल?

मावा अंडी घालण्यात वेळ दवडत नाही. आपल्या हवेत त्याच्या माद्या नराशिवाय थेट पिल्लं देतात आणि ती पिल्लं आठवडाभरात पुन्हा पिल्लं देऊ लागतात. ढालकिडा त्याच्या मागून येतो, कारण खायला काही असल्याशिवाय तो अंडी घालत नाही. या दोघांच्या मधे आठ-दहा दिवसांची फट राहते. शेंडे चिकट झालेले, पानं वळलेली, आणि मदत अजून आलेली नाही. याच दिवसांत माणूस धीर सोडतो आणि औषध मारतो. औषधाने मावा मरतो, नुकत्या घातलेल्या अंड्यांतून निघणाऱ्या अळ्याही मरतात. दोन आठवड्यांनी मावा परत येतो, ढालकिडा मात्र येत नाही. मग दुसरी फवारणी, तिसरी फवारणी. हे चक्र मोडायचं असेल तर ती फट निभावून न्यायला शिका.

१. पहिल्या दिवशी फक्त पाहा. पाच-सहा शेंडे निवडा, पानं उलटा. पिवळी अंडी, काळ्या अळ्या, कोष, प्रौढ यांतलं काही आहे का? माव्याच्या गर्दीत बिनपायाची, हिरवट, लिबलिबीत अळी दिसली तर ती सिरफिड माशीची. बारीक दांड्यांवर उभी एकेकटी अंडी दिसली तर ती क्रायसोपर्ला नावाच्या किड्याची. हेही तुमच्या बाजूचे आहेत.

२. पाण्याचा जोर वापरा. ज्या शेंड्यावर मित्र नाहीत त्याला खालून आधार देऊन पाण्याच्या फवाऱ्याने मावा पाडा. खाली पडलेला मावा बहुतेक परत चढत नाही. फार बिघडलेला शेंडा खुडून टाका.

३. मुंग्या बंद करा. ही पायरी सगळे गाळतात. मावा आणि पिठ्या ढेकूण गोड चिकटा सोडतात, मुंग्या तो पितात आणि त्याच्या बदल्यात ढालकिड्याच्या अळ्यांवर हल्ला करून त्यांना हाकलतात. मुंग्यांची रांग चालू असेल तर ढालकिडा टिकत नाही. कुंडीच्या स्टँडच्या पायांना, झाडाच्या खोडाभोवती कागदी पट्टी बांधून त्या पट्टीवर व्हॅसलिन लावा. झाडाची फांदी भिंतीला किंवा ग्रिलला टेकत असेल तर छाटा, नाहीतर मुंग्या त्या पुलावरून येतील.

४. आठवडाभर थांबा, दर दोन दिवसांनी त्याच शेंड्यांवर मोजा. अळ्या वाढत असतील तर हात लावू नका. माव्याची फुगलेली, तपकिरी, रिकामी कातडी दिसू लागली तर परोपजीवी गांधीलमाश्याही कामाला लागल्या आहेत.

५. तरीही मावा वाढत असेल तर नेमक्या जागी फवारा. घरी एक लिटर पाण्यात एक छोटा चमचा सौम्य द्रव साबण पुरे. आधी एका पानावर करून दुसऱ्या दिवशी पाहा, कपड्यांची पावडर वापरू नका. वाडीत पाच टक्के निंबोळी अर्क, म्हणजे पाच किलो निंबोळ्यांच्या भरड्याचा शंभर लिटर अर्क. दोन्ही संध्याकाळी, आणि अळ्या असलेले शेंडे सोडून. ‘नैसर्गिक’ असलं तरी साबण अंगावर पडला तर ढालकिड्याची अळीही मरते आणि निंबाने तिची वाढ खुंटते, हे विसरू नका.

कुंडीच्या मातीत घालायची इमिडाक्लोप्रिड, थायामेथोक्झाम यांसारखी आंतरप्रवाही औषधं शक्यतो टाळाच. ती झाडाच्या रसात उतरतात, रसातून माव्यात आणि माव्यातून ढालकिड्यात जातात. फुलांवर येणाऱ्या मधमाश्यांनाही ती घातक आहेत.

थांबणं परवडत नाही ते प्रसंग. ढालकिडा रोगराई थांबवू शकत नाही. भेंडीवरचा केवडा पांढऱ्या माशीमुळे पसरतो, पपईचा रिंगस्पॉट माव्यामुळे. एका माव्याने थोडा वेळ सोंड खुपसली तरी विषाणू शिरलेला असतो, मागाहून तो मावा खाल्ला गेला काय आणि न गेला काय. असं रोगट झाड उपटून लगेच दूर करा. दोन-चार पानांच्या कोवळ्या रोपांवर मावा दाटला असेल तरीही वाट पाहू नका, रोज धुवा.

विकतचे ढालकिडे : कुणी घ्यावेत, कुणी घेऊ नयेत

आपल्याकडे विकत मिळणारा प्रमुख ढालकिडा म्हणजे क्रिप्टोलीमस मॉन्ट्रोझिएरी. मूळचा ऑस्ट्रेलियाचा, १८९८ मध्ये दक्षिणेतल्या कॉफीवरच्या किडीसाठी भारतात आणलेला. पाठ काळपट, डोकं आणि शेपटीचं टोक नारिंगी. महाराष्ट्रात द्राक्षबागायतदारांना तो पिठ्या ढेकणासाठी चांगला परिचित आहे. प्रयोगशाळेत त्याला वाढवण्यासाठी लाल भोपळे वापरतात : भोपळ्यावर आधी पिठ्या ढेकूण पोसायचे आणि मग त्यावर ढालकिडे सोडायचे.

माझं मत स्पष्ट आहे. गॅलरीतल्या दहा कुंड्यांसाठी ते मागवू नका. खाणं संपलं की ते उडून जातात. जुन्या टूथब्रशने ढेकूण काढणं, फांदी छाटणं आणि मुंग्या थांबवणं तुम्हाला स्वस्त आणि खात्रीचं पडेल. गोराई, मनोरी, कुळवेमच्या वाडीत सीताफळ, पेरू, जास्वंदीची मोठी लागवड असेल आणि ढेकूण सगळीकडे असतील, तर विचार करा. तेव्हा :

- कृषी विद्यापीठ, कृषी विज्ञान केंद्र किंवा सरकारी प्रयोगशाळेकडूनच घ्या आणि हेक्टरी प्रमाण तिथेच विचारा. ते पिकावर आणि प्रादुर्भावावर ठरतं.
- सोडण्याच्या निदान दोन आठवडे आधीपासून रासायनिक फवारणी बंद ठेवा.
- आले त्याच दिवशी संध्याकाळी, ढेकूण असलेल्या फांद्यांवरच सोडा. पेटी उन्हात ठेवू नका.
- पांढऱ्या अळ्या दिसू लागल्या की वाडीत काम करणाऱ्या प्रत्येकाला दाखवून ठेवा. नाहीतर पैसे देऊन आणलेली फौज आपलाच माणूस धुऊन काढील.

प्रत्येक किडीला ढालकिडा हे उत्तर नसतं, हेही ध्यानात असू द्या. २००२ मध्ये सांगली भागातून उसावरचा लोकरी मावा पसरला, तेव्हा तो आटोक्यात आणण्यात मोठा वाटा डिफा नावाच्या पतंगाच्या अळीचा आणि मायक्रोमस नावाच्या किड्याचा होता. म्हणून एकाच मित्राच्या मागे न लागता सगळ्यांसाठी जागा ठेवा.

बोलावून आणायचे असतील तर

मावा नसतो तेव्हा प्रौढ ढालकिडे परागकण आणि मधुरसावर तग धरतात. त्यामुळे शेपू, कोथिंबीर, मोहरी, बडीशेप यांची दोन-चार झाडं तोडून न संपवता फुलावर येऊ द्या. वाडीच्या बांधावर मका आणि चवळी लावा. चवळीवर काळा मावा आधी येतो, त्यावर ढालकिडे पोसले जातात आणि मग बाजूच्या भाजीकडे वळतात. ही चवळी फवारायची नाही. कुंपणाबाहेरची रुई आड येत नसेल तर ठेवा. रुईवरचा पिवळा मावा तुमच्या भाजीकडे वळत नाही, ढालकिडे मात्र वळतात.

इंटरनेटवरचे परदेशी सल्ले इथे तपासून घ्या. कीटकांसाठी बशीत पाणी ठेवा, असं तिथे हमखास सांगतात. मुंबईत ते करू नका. साचलेल्या पाण्यात डेंग्यू-मलेरियाचे डास होतात, आणि कुंडीखालच्या बशीत अळ्या सापडल्या तर महानगरपालिका मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ खाली नोटीस देऊ शकते. सकाळी पानांवर पाण्याचा हलका शिडकावा ढालकिड्याला पुरेसा आहे. थंडीत घरात झुंडीने घुसणाऱ्या ढालकिड्यांची भीतीही तिकडची. आपल्याकडे हिवाळा हाच त्यांच्या कामाचा मोसम.

संजय गांधी राष्ट्रीय उद्यान जवळ आहे म्हणून तिथून किडे गोळा करून आणू नका. राष्ट्रीय उद्यानातून जीव उचलणं वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली गुन्हा आहे.

धूरफवारणी, पेस्ट कंट्रोल आणि तुमचे हक्क

डेंग्यू-मलेरियाच्या दिवसांत पालिकेची धूरफवारणी अडवू नका. माणसाचा जीव आधी. मात्र गाडी येणार हे कळलं तर कुंड्या तासाभरासाठी आत घ्या किंवा ओल्या चादरीने झाका.

सोसायटीने ठेकेदार लावून बागेत किंवा जिन्यात फवारणी केली तर मात्र तुम्ही हे विचारू शकता आणि विचारलंच पाहिजे :

- परवाना. कीटकनाशक अधिनियम, १९६८ आणि त्याखालच्या १९७१ च्या नियमांनुसार व्यावसायिक पेस्ट कंट्रोलला परवाना लागतो. सेक्रेटरींकडे त्याची प्रत मागा.
- औषधाचं नाव आणि लेबल. विनालेबल, सुट्या बाटलीतलं औषध विकणं बेकायदा आहे. ठेकेदार नाव सांगत नसेल तर काम थांबवायला सांगा.
- बंदी. डायक्लोरव्हॉस ३१ डिसेंबर २०२० पासून देशात बंद आहे. जुना साठा म्हणून कुणी वापरत असेल तर लेखी हरकत घ्या.
- वेळ आणि जागा. बागेतल्या फुलोऱ्यावर सरसकट फवारणी नको, गरज असेल तिथेच आणि संध्याकाळी, असा ठराव सर्वसाधारण सभेत मांडा. विषय सभेच्या सूचनेत यावा म्हणून आधीच लेखी द्या.

दुकानातून स्वतः घेताना पक्कं बिल घ्या आणि डब्यावरचा चौकोन पाहा. लाल म्हणजे अत्यंत विषारी, मग उतरत्या क्रमाने पिवळा, निळा, हिरवा. पण हे रंग माणसाला असलेला धोका सांगतात. हिरवा चौकोन म्हणजे ढालकिड्याला निर्धोक, असा अर्थ काढू नका. सोबतचं माहितीपत्रक डब्यातून काढून वाचा. विकायची किंवा घरी खायची भाजी असेल तर त्यात दिलेला शेवटची फवारणी आणि काढणी यांमधला कालावधी काटेकोर पाळा. बाजारात टोपली घेऊन बसणाऱ्या मावशींना गिऱ्हाइकाने ‘कधी फवारलं होतं?’ असं विचारण्यात काही गैर नाही. त्या सांगतात.

मुलांनी ढालकिडे आणले तर

हवा जाणाऱ्या झाकणाच्या बरणीत, मावा असलेल्या फांदीसकट एक दिवस ठेवू द्या. फांदी रुईची नको, वालाची किंवा चवळीची घ्या. एका बरणीत दोन अळ्या ठेवू नका, भुकेल्या झाल्या की एकमेकींना खातात. कोष मिळाला तर उत्तम : पानासकट ठेवा, त्यातून पिवळा भुंगेरा निघून त्याला ठिपके चढताना वर्गातच पाहता येतात. अळी किंवा भुंगेरा मात्र संध्याकाळी जिथून आणला तिथेच, माव्यावर सोडा. चुकून लहान मुलाने तोंडात घातला तर तोंड खळखळून धुवा. कडू चवीमुळे मूल तो बहुधा स्वतःच थुंकतं.

विचारायचं कुठे

शेतीचा प्रश्न असेल तर किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ हा क्रमांक मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. कोकणातल्या पिकांसाठी दापोलीचं डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठ आहे, आणि वाडीवाल्यांना पालघर जिल्ह्यातलं कोसबाडचं कृषी विज्ञान केंद्र त्यातल्या त्यात जवळचं. किडा ओळखून घ्यायचा असेल तर नुसत्या किड्याचा फोटो पाठवू नका. तीन फोटो लागतात : किडा जवळून, तो ज्या पानावर आहे त्याची पाठची बाजू, आणि पूर्ण झाड. सोबत झाडाचं नाव, तारीख आणि गेल्या महिन्याभरात काय फवारलं ते लिहा. घरच्या माणसाने किंवा माळ्याने मारलेलं औषधही त्यात धरा.